साडूने ठेवून घेतलेला पिकअप

मी माझ्या साडूला त्याच्याच घरी, त्याच्याच ताटात जेवता जेवता चोर म्हणालो. त्याने काहीही चोरलेलं नव्हतं.

चोरी कसली ते सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग हसतो. पिकअपची चोरी. माझं म्हणणं असं होतं, की साडूने मला गाडी विकली, पण गाडीचा पिकअप स्वतःकडे ठेवून घेतला. कसा ठेवला, कुठे ठेवला, कपाटात की माळ्यावर, हे मला सांगता येत नव्हतं. पण संशयाला पत्ता लागत नाही. संशय नुसता असतो.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. राहतो रोह्याला, तिथल्याच एका कंपनीत शिफ्टला जातो. मी पेणचा. आमचा गणपतींचा कारखाना आहे. कारखाना म्हटलं की लोकांना भोंगा आणि धुराडं आठवतं. आमच्याकडे पत्र्याची लांब शेड, ओळीने मांडलेल्या पांढऱ्या मूर्ती, आणि मालकापासून गड्यापर्यंत सगळ्यांच्या भुवयांवर भुकटी. मूर्ती घडवणं मला कधी जमलं नाही. माझ्या हातच्या गणपतीची सोंड बघून वडील म्हणाले होते, तू टेम्पो चालव. तेव्हापासून मी टेम्पो चालवतो. पेणच्या मूर्ती महाड, माणगाव, रोहा, पार चिपळूणपर्यंत मी पोचवल्या आहेत, आणि त्याही कान, बोटं, मोदक सगळं शाबूत. गाडी चालवण्यातलं मला कुणी काही सांगावं, हे मी तोपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं.

गाडी घेतली बायकोसाठी. ती पेणच्या शाळेत शिक्षिका. तिच्या संस्थेने तिला रोह्याच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून जायला सांगितलं. किती वर्षं ती या एका गोष्टीची वाट बघत होती ते मला माहीत होतं, कारण ती त्याबद्दल कधीच बोलत नसे. पण जायचं कसं? आगगाडीच्या वेळा शाळेच्या वेळांशी जुळत नाहीत. एस्टीने जायचं तर नागोठण्याला ताटकळायचं, आणि तिचे गुडघे आधीच कुरकुरतात. तिने गाडी चालवायला शिकून घेतली होती, तीही फक्त ऑटोमॅटिक. क्लच नको, गिअर नको, ‘डी’वर टाकायची आणि रेस द्यायची. नेमकी तशीच गाडी साडू विकायला काढत होता. घरातल्या घरात व्यवहार झाला. बायकोने सांगून टाकलं, “गाडी धड निघाली तर मी रोह्याला होकार कळवते. नाहीतर नाही म्हणते. सोमवारी सांगायचंय.”

म्हणजे तिची मुख्याध्यापकाची खुर्ची त्या गाडीच्या चार चाकांवर ठेवलेली होती. आणि गाडी तपासायचं काम माझ्याकडे.

पहिल्याच दिवशी मी गाडी रामवाडीपाशी हायवेला काढली. गाडी चालत होती, पण पळत नव्हती. मागून ट्रेलर हॉर्न मारत येतोय, मी रेस देतोय, आणि गाडी आपली जेवणानंतर शतपावली करणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. घरी येऊन मी म्हणालो, “हिला पिकअप नाही.”

“त्याच्याकडे असताना तर पळायची,” बायको म्हणाली.

“तेच तर म्हणतो मी!”

हे माझ्या तोंडून निघालं, आणि तिथून सुरू झालं.

आधी मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. ऑटोमॅटिक गाडी झटकन कशी उचलावी, यावर ज्ञान देणारे जगात इतके लोक आहेत की ते स्वतः गाडी कधी चालवतात कळत नाही. एक म्हणाला, एसी बंद करा. केला. घामाने भिजलो, गाडी तशीच. एक म्हणाला, टायरात हवा बरोबर ठेवा. ठेवली. एक म्हणाला, पेडल पूर्ण दाबा आणि दाबून धरा, म्हणजे गाडी आपणहून खालचा गिअर घेते. मी म्हणालो, बाबा रे, पूर्णच दाबतोय की. आणखी एकाने सांगितलं, उजव्या पायाने रेस द्या, डाव्याने ब्रेक धरा, आणि ब्रेक सोडा. हे मला पटलं, कारण यात डाव्या पायाला काम होतं. इतकी वर्षं क्लच दाबलेला तो पाय ऑटोमॅटिक गाडीत नुसता बसून असतो, आणि मला त्याची दया येत होती.

रामवाडीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर मी प्रयोग केला. बायको शेजारी. ब्रेक सोडला, गाडी निघाली, आणि जरा वेग आल्यावर त्या बिचाऱ्या डाव्या पायाला वाटलं, आता गिअर बदलायचा, क्लच दाबा. त्याने दाबला. तिथे क्लच नव्हता, ब्रेक होता. बायकोचा पट्टा होता म्हणून निभावलं. माझा चष्मा उडून काचेवर आपटला. डिकीतली पाण्याची बाटली अजून सापडलेली नाही.

“हा गाडीचा दोष?” बायकोने विचारलं.

“तो वेगळा विषय आहे,” मी म्हणालो.

मग मी पेट्रोलवर संशय घेतला. पंप बदलला. दुसऱ्या पंपावरचा माणूस माझ्याकडे बघून हसला, म्हणून त्याच्यावरही घेतला. मग साडूवर आलो आणि तिथेच मुक्काम केला. कारण पुरावे जमत चालले होते. पहिला पुरावा, त्याचा फोन. “दादा, गाडी बरी हाय ना?” असं त्याने विचारलं. विकलेल्या वस्तूची चौकशी कोण करतो? ज्याच्या मनात काही आहे तोच. दुसरा पुरावा, त्यानंतर त्याने फोन केला नाही. आता का करत नाही? बायको म्हणाली, “विचारलं तरी चोर, नाही विचारलं तरी चोर. त्या माणसाने करायचं काय?” तिसरा पुरावा, बॉनेटच्या आतला एक बोल्ट बाकीच्यांपेक्षा चकचकीत होता.

त्या चकचकीत बोल्टने माझी झोप घालवली. साडू अजून एक किल्ली बाळगून असेल, रात्रीतून येऊन काहीबाही काढून नेत असेल, इथपर्यंत माझी मजल गेली. रोह्याहून पेणला, शिफ्ट संपवून, एक बोल्ट पिळायला! पण संशय घेणाऱ्याला अंतर लागत नाही. मी कारखान्यात गेलो, मुकुटाचा सोनेरी रंग आणि बारीक ब्रश घेतला, आणि बॉनेट उघडून प्रत्येक बोल्टावर एकेक सोनेरी ठिपका दिला. कुणी बोल्ट फिरवला की ठिपका मोडणार. चोर सापडणार.

दोन दिवसांनी गाडी गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं आणि दोन पावलं मागे सरला.

“शेठ, हे काय? इंजिनाचं लगीन हाय का?”

मी म्हणालो, ते सोड, पिकअप बघ. त्याने बराच वेळ बघितलं, ऐकलं, एक फेरी मारून आला. “काय नाय झालंय गाडीला. मस्त हाय.” मला त्या ‘मस्त’चाच वास आला. चौकशी केली तर त्याची सासुरवाडी रोहा. म्हणजे झालंच! घरी येऊन बॉनेट उघडलं, तर ठिपके पुसट झालेले. कुणाच्या हातांनी, याचा उलगडा नंतर झाला. त्या दोन दिवसांत ठिपके शाबूत आहेत का, हे मी इतक्या वेळा बोट लावून तपासलं होतं की माझंच बोट सोनेरी झालं होतं. पण त्या संध्याकाळी मला तो गॅरेजवाला आणि साडू एका ताटात जेवताना दिसत होते.

या सगळ्यात बायको मला हायवेला गाडी चालवू द्या म्हणायची. मी देत नव्हतो. “भरवशाची नाही. ट्रेलरपुढे अडकलीस तर?” ती माझ्याकडे बघत राहायची. एके सकाळी पोळ्या लाटता लाटता तिने न वळता विचारलं, “खरं सांगा. गाडीला पिकअप नाही, की मी रोह्याला गेलेली तुम्हाला नकोय?”

मी देवाशपथ म्हणालो. गणपतींच्या धंद्यातल्या माणसाने देवाशपथ म्हणावं, तेही भुकटीने माखलेल्या हातांनी, म्हणजे तिचा विश्वास बसायला हवा होता. नाही बसला. नंतर मी स्वतःचं मन जरा चाचपून पाहिलं. वर तिच्या काळजीचा ढीग होता, खराच होता. त्याखाली, कोपऱ्यात, दुपारी शाळा सुटल्यावर ती येऊन वाढते तो गरम भात मांडी घालून बसलेला सापडला. मी त्याला तिथेच झाकून ठेवलं आणि पुन्हा साडूवर संशय घेऊ लागलो.

रविवारी साडूने जेवायला बोलावलं. सोमवारी होकार-नकार कळवायचा होता, म्हणून मी मुद्दाम ती गाडी घेऊन निघालो. म्हटलं, त्याच्या दारात उभी करून त्याच्या तोंडावर विचारतो. जाताना नागोठण्याच्या अलीकडे चहाला थांबलो, आणि परत हायवेला चढताना अर्धा चहा पोटात जिरेपर्यंत थांबावं लागलं. ट्रेलरमागून ट्रेलर. मी पुढे सरतोय, रेस देतोय, गाडी निघत नाही, मी मागे येतोय. मागच्या रिक्षावाल्याने ओरडून विचारलं, “काका, जायाचं हाय का ऱ्हायाचं?” रोह्याला पोचेपर्यंत माझं डोकं चुलीवर होतं.

साडूने आमच्यासाठी खास जिताडा मासा मिळवला होता. मेहुणीने कालवण असं केलं होतं की माणसाने सगळी भांडणं विसरावीत. मी विसरलो नाही. दुसरा घास घेतला आणि म्हणालो, “गाडीतून काय काढून घेतलंस?”

साडूचा हात ताटातच थांबला. “काय?”

“पिकअप कुठाय तिचा? तुझ्याकडे होती तेव्हा पळायची, माझ्याकडे आली आणि मेली. काहीतरी काढून ठेवलंयस तू.”

“दादा, काय काढलं मी?”

“ते तूच सांग.”

“अहो पण काय असतं काढण्यासारखं?”

हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, “पिकअपचं जे काय असतं ते.” आणि पुढचा शब्द निघून गेला. चोर. जेवणाऱ्या घरात तो शब्द पडल्यावर आवाज कसा होतो, हे मला त्या दिवशी कळलं. काहीच होत नाही.

साडू उठला. रागीट माणूस नाही तो, म्हणून जास्त वाईट. शांतपणे म्हणाला, “चावी ठेवा इथं. गाडी मी परत घेतो. तुम्ही एस्टीने जा.”

मेहुणी म्हणाली, “भाऊजी, जेवा तरी पुरतं.” म्हणजे जेवा आणि जा.

मी जिंकलो होतो खरं तर. गाडी परत, पैसे परत, संशय सिद्ध. मग मी बायकोकडे बघितलं. ती भातात बोट फिरवत होती. ना गाडीकडे बघत होती, ना माझ्याकडे. तिची खुर्ची चालली होती, आणि ती माझ्या एका वाक्यासरशी चालली होती.

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या शर्टाच्या खिशातून चावी काढून घेतली. “पेणपर्यंत मी चालवणार. हायवेला. तुम्ही शेजारी बसा आणि बोलू नका. नाही पळाली, तर उद्या मी नकार कळवते आणि गाडी इथे आणून लावते. पळाली, तर तुम्ही याला फोन करून माफी मागायची. सगळ्यांसमोर.”

साडू म्हणाला, “ताई, जपून.”

धाकट्या लेकीकडे राहायला आलेल्या सासूबाई आमच्याबरोबर निघाल्या. त्यांचा पेणला मुक्काम आधीच ठरला होता, पापड लाटायला. खारेपाटातल्या बाई, अर्धा जन्म मिठागरावर गेलेला, बोलणं मोजकं आणि खारट. मागच्या सीटवर मांडीवर रिकामा डबा घेऊन त्या बसल्या. “काय गो,” लेकीला म्हणाल्या, “तू चालवतेस तर यो कशाला पुढं बसलाय?”

“लक्ष ठेवायला, आई.”

“कुनावर?”

बायकोने गाडी ‘डी’वर टाकली. मी इंजिनाकडे कान लावून बसलो. खोटं कशाला बोलू, मला आतून वाटत होतं की गाडीने आता दम तोडावा. मी खरा ठरावा. तिच्या खुर्चीचा विचार मनात येत होता, पण खरं ठरण्याची चटक वाईट.

वाटेतली खिंड तिने सावकाश, आपल्या बाजूने, रांगेत चढवली. नागोठण्याला हायवे लागला. कासूच्या पुढे सासूबाईंना चहाची आठवण झाली, म्हणून गडब गावाला एका टपरीपाशी थांबलो. चहा झाला. आता परत हायवेला लागायचं होतं, आणि पुन्हा तेच ट्रेलर. बायको कडेला थांबून आरशात बघत होती.

“नको,” मी म्हणालो. “नाही निघणार.”

ती थांबली. दोन ट्रेलर गेले.

“आत्ता नको.”

“आपन हितंच ऱ्हायाला आलोय का?” सासूबाई मागून.

मग मोकळी जागा आली. मागचा ट्रेलर चांगला लांब होता. बायकोने पाय दाबला. क्षणभर काहीच नाही, गाडी जणू श्वास घेतेय. आणि मग इंजिनाने असा आवाज काढला की माझे केस उभे राहिले.

“पाय काढ!” मी ओरडलो. “काढ, काढ!”

“का?”

“आवाज येतोय!”

“मग येऊ दे की.”

तिने पाय काढला नाही. आणि ती गाडी, जिचा पिकअप रोह्याच्या कपाटात होता, ती अशी सुटली की माझी पाठ सीटला चिकटली. गडब मागे पडलं. ट्रेलर आरशात लहान झाला. मग बायकोने पाय हलका केला, आवाज खाली आला, आणि गाडी गुमान आपल्या रांगेत चालू लागली. मागून सासूबाईंचा रिकामा डबा खडखडला. “बरी पलते,” त्या म्हणाल्या.

तो आवाज मला ओळखीचा होता. त्या आवाजापर्यंत मी रोज पोचत होतो. तिथवर पोचायचो आणि पाय उचलायचो. आमच्या धंद्यात इंजिन ओरडलं म्हणजे मागे कुठल्या तरी गणपतीचा हात गेला. टेम्पोत मूर्ती रचल्या की पायाने पेडल दाबायचं नसतं, नुसतं विचारायचं असतं. गवताच्या पेंढ्या, गोणपाट, पोटाला पोट लावून उभ्या मूर्ती, आणि माझा पाय त्या सगळ्यांच्या वतीने घाबरलेला. ‘पूर्ण दाबा’ म्हणणारा तो व्हिडिओवाला आणि मी, आमच्या ‘पूर्ण’मध्ये चार बोटांचं अंतर होतं. गाडी बिचारी खालचा गिअर घेऊन उडी मारायला वाकायची, आणि नेमका तेव्हाच मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचो, बस खाली.

पण माणूस सहजी हरत नाही. वडखळच्या पुढे रस्ता मोकळा होता. मी म्हणालो, “मला दे जरा.” तिने गाडी कडेला घेतली आणि दिली. मी बसलो, आरसा बघितला, देवाचं नाव घेतलं आणि दाबलं. आवाज आला. गाडी बसली.

“का उचललात पाय?” बायकोने विचारलं.

“मी नाही उचलला!”

“मंग काय मी उचालला?” सासूबाई म्हणाल्या.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. डोक्याने सांगतोय दाबून धर, आणि पाय आपला वर येतोय, चटका बसल्यासारखा. मागे मूर्ती नव्हत्या, सासूबाई होत्या. त्यांना काही तडा जायची शक्यता नव्हती. पण पायाला कोण समजावणार? मी निमूट उतरलो आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसलो.

पेणला पोचल्यावर, घरात शिरायच्या आधीच, बायकोने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. अंगणात आम्ही तिघं, पलीकडे रोह्याला ते दोघं. मी घसा खाकरला.

“सापडलं का दादा, मी काय काढून ठेवलं होतं ते?” साडूनेच सुरुवात केली.

“सापडलं.”

“कुठं होतं?”

“माझ्या उजव्या चपलेत,” मी म्हणालो. “चुकलो बाबा. तू चोर नाहीस. मीच तुझ्या ताटात बसून नको ते बोललो.”

पलीकडे आधी मेहुणी हसली, मग साडू. म्हणाला, “जिताड्याचं कालवण तसंच ठेवलंय. येऊन संपवा.” माफी मिळाली, असं मी धरून चाललो. पुरतं धरलं नाही. तो फार लवकर हसला, याचा मला जरासा संशय आलाच.

बायकोने फोन ठेवला आणि चावी स्वतःच्या पर्समध्ये टाकली. माझ्या खिशात नाही. “उद्या होकार कळवते,” ती म्हणाली. एवढंच. पण पायरी चढताना तिने गुडघ्यावर हात ठेवला नाही, हे मी पाहिलं.

मला काहीतरी मोठेपणा करायचा होता. कोपऱ्यातल्या गरम भाताला मी मनातल्या मनात निरोप दिला आणि म्हणालो, “पहिले काही दिवस मी येतो सोबत. हायवे आहे, ट्रेलर आहेत. शेजारी बसेन नुसता. काय कुठे सांगावं लागलं तर.”

बायकोने आईकडे बघितलं. सासूबाई डबा काखेत धरून पायरीवर टेकल्या होत्या. त्यांनी मला वरपासून चपलेपर्यंत बघितलं.

“तुमी नको जावा, जावयबापू,” त्या म्हणाल्या. “पोरीला शालंत टायमावर पोचाचा हाय.”